रोज बाळगायचं छोटं रिव्हॉल्व्हर: हलकं घ्यावं की जड, पाच गोळ्यांचं की सहा?

छोटं रिव्हॉल्व्हर निवडताना बहुतेकांची नजर आधी वजनाच्या आकड्यावर जाते, आणि माझ्या मते निवड तिथूनच फसायला लागते. दिवसभर अंगावर ठेवायचं तर हलकंच हवं, हे वरवर पटतं. पण फार हलकं रिव्हॉल्व्हर हाताला झोंबतं. मग सराव नकोसा होतो आणि हळूहळू बंद पडतो. सराव सुटलेल्या हातात दोन इंची नळी अगदी जवळच्या अंतरावरही नेम चुकवते, आणि चुकलेली गोळी कुठेतरी लागतेच. म्हणून पुढची सगळी तुलना मी एकाच प्रश्नाला धरून केली आहे: हे हत्यार तुम्ही वर्षभर नियमितपणे, स्वतःहून चालवाल का?

पुढचं सगळं वाचताना एक गोष्ट गृहीत धरा. तुमच्याकडे परवाना आहे, तुम्ही प्रशिक्षण घेतलं आहे आणि राहता तिथला कायदा तुम्हाला नीट माहीत आहे. शस्त्र घरात ठेवण्याची परवानगी आणि ते लपवून सोबत बाळगण्याची परवानगी या बऱ्याच ठिकाणी दोन वेगळ्या गोष्टी असतात. दुसरी नसेल तर मॉडेलचा विचार नंतर करा.

मुळात पिस्तुलाऐवजी रिव्हॉल्व्हर का, याचं उत्तर थोडक्यात देतो. पिस्तुलाची स्लाइड, म्हणजे वरचा सरकता भाग, मागे ओढायला मनगटात आणि बोटांत जोर लागतो, रिव्हॉल्व्हरला तो लागत नाही. एखादं काडतूस पेटलं नाही तर चाप पुन्हा ओढायचा, पुढचं काडतूस समोर येतं. पकड सैल पडली म्हणून ते अडकत नाही. याच्या बदल्यात गोळ्या कमी मिळतात, चाप जड असतो आणि पुन्हा भरायला वेळ लागतो. शिवाय रिव्हॉल्व्हर क्वचितच अडकत असलं, तरी एकदा अडकलं की बहुधा कारागिराच्या टेबलावरच सुटतं. हे सौदे मान्य असतील तरच पुढे जा.

वजनाचा हिशोब

आधी आकडे समोर ठेवतो. वजनं रिकाम्या हत्याराची आणि अंदाजे आहेत. हॅमर म्हणजे चाप ओढल्यावर आपटून काडतूस पेटवणारा मागचा भाग.

| मॉडेल | वजन | गोळ्या | काडतूस | हॅमर |
|---|---|---|---|---|
| स्मिथ अँड वेसन ३४० पीडी | ३३० ग्रॅम | ५ | .३५७ मॅग्नम | आत झाकलेला |
| रुगर एलसीआर | ३८५ ग्रॅम | ५ | .३८ स्पेशल | आत झाकलेला |
| स्मिथ अँड वेसन ६४२ | ४१० ग्रॅम | ५ | .३८ स्पेशल | आत झाकलेला |
| किंबर के६एस | ६५० ग्रॅम | ६ | .३५७ मॅग्नम | आत झाकलेला |
| कोल्ट कोब्रा (२०१७ पासूनचं) | ७१० ग्रॅम | ६ | .३८ स्पेशल | उघडा |
| रुगर एसपी१०१ | ७३५ ग्रॅम | ५ | .३५७ मॅग्नम | बहुधा उघडा |

.३५७ च्या रिव्हॉल्व्हरमध्ये .३८ स्पेशल चालतं, उलट मात्र चालत नाही.

गोळी तीच असेल तर हत्यार जितकं हलकं तितका धक्का जास्त. वजन निम्मं केलं की त्याच गोळीच्या धक्क्याची ऊर्जा जवळपास दुप्पट होते. म्हणजे .३५७ मॅग्नमची तीच गोळी ३४० पीडीमधून एसपी१०१ च्या दुपटीहून जास्त ऊर्जेने तळहातावर आदळते. सोसण्याइतकीच महत्त्वाची गोष्ट पुढच्या गोळीची आहे. पहिल्या गोळीनंतर समोरची साइट, म्हणजे नेम धरायची खूण, पुन्हा लक्ष्यावर येईपर्यंत वेळ जातो, आणि हलक्या हत्यारात तो सहसा जास्त असतो.

३४० पीडीबद्दल माझं मत स्पष्ट आहे: पहिलं रिव्हॉल्व्हर म्हणून घेऊ नका. स्कँडियम मिसळलेल्या अ‍ॅल्युमिनियमची फ्रेम आणि टायटॅनियमचा सिलिंडर (काडतुसं भरायचं फिरतं चाक) हे अभियांत्रिकीचं सुंदर काम आहे, खिशात असल्याचं खरोखर जाणवत नाही. पण त्याच्या नळीवरच १२० ग्रेनपेक्षा (ग्रेन हे गोळीच्या वजनाचं एकक) हलकी गोळी वापरू नये असा इशारा कोरलेला असतो. धक्का इतका जोरदार असतो की सिलिंडरमधल्या न उडालेल्या काडतुसांतली गोळी नीट आवळलेली नसेल तर पुढे सरकू शकते. ती सिलिंडरच्या बाहेर डोकावली की सिलिंडर फिरणं थांबतं, आणि मग रिव्हॉल्व्हर घेण्याचं मूळ कारणच उरत नाही. अनुभवी लोक हे मॉडेल आवडीने बाळगतात, पण त्यात बहुतेक वेळा .३८ च भरतात.

६४२ आणि एलसीआर: खिशातली खरी लढत

निवड बहुतेक वेळा या दोघांवर येऊन थांबते, म्हणून इथे थोडा जास्त वेळ देतो.

६४२ चं घराणं जुनं आहे. स्मिथ अँड वेसनने १९५० मध्ये पाच गोळ्यांचं चीफ्स स्पेशल आणलं, आणि त्याच छोट्या फ्रेमवर, ज्याला जे-फ्रेम म्हणतात, १९५२ मध्ये कंपनीच्या शंभरीनिमित्त हॅमर पूर्ण आत झाकलेलं सेंटेनियल काढलं. आजचं ६४२ त्याच वंशातलं: अ‍ॅल्युमिनियमची फ्रेम, स्टेनलेस सिलिंडर, पावणेदोन इंचांपेक्षा किंचित मोठी नळी. काळ्या रंगात हवं असेल तर ४४२ घ्या, आतून दोन्ही सारखीच. इतकी दशकं मूळ आकार बदललेला नाही, त्यामुळे होल्स्टर, ग्रिप, स्पीडलोडर (सगळी काडतुसं एकदम भरायचं साधन) यांची जितकी निवड जे-फ्रेमला मिळते तितकी दुसऱ्या कुणाला मिळत नाही. हा फायदा विकत घेताना कुणाच्या लक्षात येत नाही आणि नंतर रोज लक्षात येतो.

एलसीआर २००९ मध्ये आलं आणि त्याने रिव्हॉल्व्हरची फ्रेमच दोन तुकड्यांत विचारात घेतली. वरचा भाग, जिथे दाब सोसावा लागतो, तो धातूचा. चापाची यंत्रणा असलेला खालचा भाग पॉलिमरचा. दिसायला ते देखणं नाही. पण चाप ओढून पाहिला की हे विसरायला होतं. ६४२ चा चाप कोरा असताना साधारण साडेपाच किलोच्या आसपास जोर मागतो आणि शेवटी थोडा अडखळल्यासारखा वाटतो. एलसीआरमधल्या कॅममुळे घर्षण कमी होतं आणि ओढ सुरुवातीपासून शेवटपर्यंत सलग राहते. दोन इंची नळीत नेम बिघडण्याचं सर्वात मोठं कारण चाप ओढताना हललेला हात हेच असतं, त्यामुळे हा फरक कागदावर दिसतो त्यापेक्षा कितीतरी मोठा आहे.

साइटच्या बाबतीतही एलसीआर पुढे आहे. त्याची समोरची साइट पिनने बसवलेली आणि बदलता येणारी असते. ६४२ च्या नेहमीच्या आवृत्तीत ती नळीतच घडवलेली बारीक पट्टी असते, मंद उजेडात डोळ्यांना सापडत नाही. चाळिशी लागलेल्यांनी हे खास तपासावं.

आकारात मात्र ६४२ थोडं सुटसुटीत आहे. एलसीआरचा चाप आणि त्याची कडी जरा मोठी असल्याने अरुंद खिशात ते अडकू शकतं. चापाबाबत एक इशाराही देतो. एलसीआरवर बोट पूर्ण पुढे सोडलं नाही तर पुढची ओढ लागत नाही. घाईत अर्धवट सोडण्याची सवय असलेल्यांना हे सरावानेच घालवावं लागतं, जे-फ्रेमवाल्यांनाही.

माझा कौल नव्या माणसासाठी एलसीआरच्या बाजूने आहे. चाप चांगला असेल तर सराव टिकतो. ज्याच्याकडे आधीच जे-फ्रेमवर बसलेला हात आहे त्याने बदलण्याचं काही कारण नाही.

कमरेला लावणार असाल तर

खिशाऐवजी पट्ट्यावरचं होल्स्टर वापरणार असाल तर पोलादी रिव्हॉल्व्हर, म्हणजे के६एस, कोब्रा आणि एसपी१०१, टाळण्याचं कारण उरत नाही. कणखर पट्ट्यावर ६५० आणि ४०० ग्रॅममधला फरक दुपारपर्यंत विसरायला होतो, रेंजवरचा फरक मात्र प्रत्येक गोळीला जाणवतो.

के६एस २०१६ मध्ये आलं. त्यात सहा गोळ्या असूनही सिलिंडरचा व्यास १.३९ इंच आहे, पाच गोळ्यांच्या जे-फ्रेमपेक्षा जेमतेम जास्त. कडा घासून गोल केलेल्या, साइट ठळक, चाप बाजारातून आल्याआल्याच गुळगुळीत. बसवून, भरून, विसरून जावं असं हे हत्यार आहे आणि तिघांत माझं आवडतं. कोब्राला मागे १९२७ च्या डिटेक्टिव्ह स्पेशलचा वारसा आहे, छोट्या फ्रेममध्ये सहा गोळ्या ही कोल्टची जुनी खासियत. फक्त .३८ वर समाधान असेल तर ते उत्तम. उघडा हॅमर कपड्यात अडकू शकतो, एवढं ध्यानात ठेवा. एसपी१०१ सर्वात दणकट. वर्षानुवर्षं मॅग्नम चालवायची असेल तर तेच घ्या, फक्त चाप सुरुवातीला खडबडीत असतो आणि बऱ्याच वापरानंतर मऊ होतो.

दोन कंपन्यांची रिव्हॉल्व्हर आलटून पालटून बाळगण्याचा विचार असेल तर थांबा. सिलिंडर उघडायला स्मिथ अँड वेसनचं बटण पुढे ढकलावं लागतं, कोल्टचं मागे ओढावं लागतं, रुगर आणि किंबरचं आत दाबावं लागतं. ताणाच्या क्षणी हात सवयीप्रमाणेच वागतो.

काडतूस

.३८ स्पेशल १८९८ पासून चालत आलेलं आहे आणि छोट्या नळीसाठी आजही तेच सर्वात समजूतदार उत्तर आहे. .३५७ मॅग्नम १९३५ मध्ये आलं ते लांब नळीच्या जड रिव्हॉल्व्हरसाठी. दोन इंची नळीत त्याची बरीचशी दारू नळीबाहेर जळते: मोठा झोत, कानठळ्या, हाताला हिसका, आणि वेगात मिळणारी वाढ या त्रासाच्या मानाने थोडी. .३५७ चं हत्यार घेण्यात चूक नाही, फक्त त्याचा खरा फायदा जड पोलादी हत्यारात .३८ शांतपणे चालवता येणं हा आहे.

छोट्या नळीतून वेग कमी मिळत असल्याने पोकळ टोकाच्या सगळ्याच गोळ्या अपेक्षेप्रमाणे फुलत नाहीत. म्हणून आखूड नळीसाठी खास बनवलेलं काडतूस घ्या. ते झेपत नसेल तर १४८ ग्रेनचं वॉडकटर घ्या. सपाट तोंडाचं, मंद, अचूक. खरं तर लक्ष्यसरावाचं काडतूस, पण हलक्या जे-फ्रेममधून अनेक जाणकार तेच बाळगतात आणि मला त्यात काही गैर वाटत नाही.

संधिवात असेल, हात लहान असेल किंवा धक्क्याची धास्ती असेल तर .३२ एच अँड आर मॅग्नम गंभीरपणे पाहा. १९८४ मधलं हे काडतूस मधली बरीच वर्षं अडगळीत होतं. धक्का .३८ पेक्षा स्पष्ट कमी, आणि बारीक असल्यामुळे जे-फ्रेममध्ये पाचऐवजी सहा बसतात. २०२४ मध्ये स्मिथ अँड वेसनने चांगल्या साइट आणि ग्रिपसह ४३२ अल्टिमेट कॅरी आणलं ते याच काडतुसात. एलसीआरही .३२७ फेडरल मॅग्नममध्ये मिळतं आणि त्यात .३२ चालतं. अडचण एकच: .३२ प्रत्येक दुकानात मिळेल असं नाही, साठा आधी पाहून ठेवा. .२२ बचावासाठी मी सुचवणार नाही, कारण त्या प्रकारचं काडतूस न पेटण्याचं प्रमाण जास्त असतं. सरावासाठी मात्र एलसीआरची आठ गोळ्यांची.२२ आवृत्ती फार उपयोगी आहे.

हॅमर, बाळगणं, ठेवणं

खिशात ठेवायचं असेल तर हॅमर झाकलेलाच हवा, यावर मी तडजोड सुचवणार नाही. उघडा हॅमर अस्तरात अडकतो. शिवाय तो हाताने मागे ओढून ठेवला की चाप अगदी हलका होतो, आणि थरथरत्या बोटाखाली हलका चाप हा अपघाताला आमंत्रण देतो.

खिशातही चाप पूर्ण झाकणारं होल्स्टर लागतंच, आणि त्या खिशात दुसरं काहीही नको: किल्ली नको, नाणं नको, पेन नको. घोट्यावर बांधणं बसून काम करणाऱ्यांनाच सोयीचं, चालणाऱ्याला जाच होतो. जादा गोळ्यांसाठी रबराची चपटी पट्टी खिशात उत्तम राहते, स्पीडलोडर वेगवान पण फुगीर. आखूड नळीत इजेक्टरची दांडीही आखूड असते, त्यामुळे रिकामी आवरणं काढताना नळी आकाशाकडे करून दांडीवर एकच ठोस दणका द्यायचा. हळू दाबलं तर एखादं आवरण मागे अडकून राहतं.

घरी आल्यावर ते कुलपात जायला हवं. चटकन उघडणारी छोटी तिजोरी हा खर्चाचा वेगळा भाग नाही, तो हत्याराच्या किमतीतच धरा. घरात मूल असेल, किंवा कुणी मनाने खचलेलं असेल, तर कपाटाचा वरचा कप्पा म्हणजे सुरक्षित जागा नव्हे. अशा काळात हत्यार घराबाहेर ठेवण्याची कायदेशीर सोय असेल तर ती वापरावी.

वापरलेलं घेत असाल तर दुकानदाराच्या परवानगीने, सिलिंडर उघडून प्रत्येक खाना रिकामा असल्याची खात्री करून, काही गोष्टी पाहा. चाप सुरक्षित दिशेने सावकाश ओढा. हॅमर पडण्याआधी सिलिंडर प्रत्येक खान्यावर जागेवर बसायला हवा. चाप मागे धरून सिलिंडर हलवून पाहा, किंचित हालचाल चालते, खडखडाट नाही. नळीच्या मुळाशी वरच्या पट्टीवर पडलेली चीर पाहा, खोल असेल तर ते मॅग्नमवर खूप राबलंय. इजेक्टरची दांडी वाकडी असेल तर सिलिंडर फिरताना डगमगतो. शेवटी ज्या हाताने तुम्ही सहसा लिहीत नाही त्या हाताने चाप एका दमात पाच वेळा ओढून पाहा. तिसऱ्या वेळेपासून नळी झुकायला लागली तर ते रिव्हॉल्व्हर परत ठेवा आणि हलक्या चापाचं मागा.