सँपल दार्जिलिंगचं, माल भलताच

मी सोलापुरात अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत टॉवेलच्या कारखान्यात काम करतो. आलेल्या सुताची शेड मंजूर सँपलशी जुळवायची आणि मगच लॉट आत घ्यायचा, हे माझं रोजचं काम. तरी 2 किलो चहा मी सँपलशी न जुळवता घेतला, आणि माझ्या भरवशावर चार मित्रांनीही पैसे दिले. त्याचं मला फार वाईट वाटतं, म्हणून हे सगळं लिहितोय.

आम्ही पाचजण रविवारी सकाळी माझ्या घरी जमतो. दूध-साखर न घालता पानांचा चहा करतो. 200 मिली पाण्याला अडीच ग्रॅम पानं, तीन मिनिटं, मग गाळायचं. एकेकाने घोट घेऊन काय जाणवलं ते सांगायचं. फेब्रुवारीच्या पहिल्या आठवड्यात ओळखीतून एक माणूस आला. दार्जिलिंगच्या बागेतून थेट माल आणतो म्हणाला. त्याने तीन छोट्या डब्या उघडल्या आणि आमच्यासमोर चहा केला. खरं सांगतो, तो चहा अप्रतिम होता. फिकट सोनेरी रंग, जिभेवर किंचित तुरटपणा, आणि कप रिकामा झाला तरी फुलांसारखा वास रेंगाळत होता. भिजलेली पानं हिरवट होती, अख्खी उलगडली होती.

“ह्या वर्षीचा फर्स्ट फ्लश आहे साहेब. किलोला साडेतीन हजार. पूर्ण पैसे आत्ता दिलेत तरच ह्या भावात.”

मी तिथेच थांबायला हवं होतं. दार्जिलिंगची झाडं थंडीत निजलेली असतात. पहिली खुडणी, म्हणजेच फर्स्ट फ्लश, फेब्रुवारीच्या अखेरीस किंवा मार्चमध्ये सुरू होते. मग फेब्रुवारीच्या पहिल्या आठवड्यात ह्या वर्षीचा फर्स्ट फ्लश सोलापुरात येईल कुठून? हे मला माहीत होतं. पण तोंडात ती चव असताना कुणाच्याच डोक्यात आलं नाही. प्रत्येकी 1,400 काढले आणि 7,000 रुपये पाठवले. खात्यावर नाव दुसऱ्याच कुणाचं तरी दिसत होतं. “भावाचं खातं आहे,” म्हणाला.

बारा दिवसांनी पार्सल आलं. पाकीट उघडताच अत्तरासारखा भपकारा आला. चहा केला तर मिनिटभरात लालभडक झाला, आणि कपात तो वास नावालाही नव्हता. नुसता कडूपणा.

मला सगळ्यात जास्त सांगायचंय ते ह्यापुढचं. आम्ही त्याच्यावर नाही, स्वतःवर संशय घेतला. फोन केला तर म्हणाला, “साहेब, पाणी जास्त उकळलंय तुम्ही.” आम्हाला पटलं! आमच्या बोअरचं पाणी जड, त्यात चहा मारला जातो हे खरंच आहे. मग फिल्टरचं पाणी झालं, बाटलीचं झालं, 85 अंश झालं, दोन मिनिटं झाली. तीन रविवार ह्यातच गेले. नव्या शौकिनाला वाटतं की चूक आपल्याच हाताची, आणि असल्या माणसाला तेवढीच सवड पुरते.

शेवटी एका मित्राच्या बायकोने सांगितलं की पहिल्या दिवशीची थोडी पानं तिने वेलदोड्याच्या डबीत जपून ठेवली आहेत. एकाच किटलीचं पाणी, दोन कप, तीन मिनिटं. एकात सोनेरी, दुसऱ्यात काळपट लाल. वाद तिथेच मिटला. पार्सलातली भिजलेली पानं म्हणजे देठ आणि तुकडे. पांढऱ्या फिल्टर पेपरवर कोरडी पानं पसरून पाणी शिंपडलं आणि नळाखाली पेपर धुतला, तर तपकिरी डाग राहिले. शुद्ध चहा असा डाग ठेवत नाही. म्हणजे रंगही लावलेला.

पाकीट नीट वाचलं ते त्यानंतर. डोंगराचं चित्र होतं, पण पॅकिंगची तारीख नाही, बॅच नाही, अन्न परवान्याचा 14 अंकी क्रमांक नाही. दोन पानं आणि कळी हातात धरलेल्या बाईचं दार्जिलिंगचं गोल बोधचिन्हही नव्हतं. दार्जिलिंग चहा हे देशातलं पहिलं भौगोलिक मानांकन, आणि आपल्या सोलापुरी चादरीलाही ते मानांकन आहे. गावोगावी नकली चादरी आपल्या नावाने विकतात तेव्हा आपल्या विणकरांचा जीव कसा तुटतो, ते आपण बघतोच की. तिकडच्या बागेत पानं खुडणाऱ्या बायकांचंही तेच नुकसान होतंय.

डागाचा फोटो पाठवला त्या दिवसापासून त्याचा नंबर बंद आहे. 1930 वर सायबर तक्रार केली. पैसे गेल्यावर लगेच फोन केला तर ते अडवता येण्याची शक्यता जास्त असते, आणि आमचा महिना पार्सलची वाट बघण्यात आणि पाण्याच्या चर्चेत गेला होता. 1915 ह्या ग्राहक हेल्पलाइनवरही तक्रार नोंदवली आहे. पैसे अजून आलेले नाहीत.

त्या खऱ्या सँपलची तीनेक ग्रॅम पानं अजून माझ्याकडे आहेत, घट्ट झाकणाच्या डबीत. सोलापुरात कुणाकडे असाच तीन डब्या घेऊन माणूस आला असेल, तर पैसे देण्याआधी त्याच्या मालातली चिमूट घेऊन रविवारी माझ्याकडे या. किटली चढवलेलीच असते.