बरणीतला आंबवलेला कोबी: विकत घ्यावा का, आणि कोणी टाळावा

पुण्यातल्या एका लहान उत्पादकाकडून मागवलेला सावरक्राउट, म्हणजे मिठात आंबवलेला कोबी, सध्या आमच्या रोजच्या जेवणात आहे. लेबलवर घटक तीनच आहेत: कोबी, मीठ आणि जिरे. यात व्हिनेगर नाही, ही पहिली जमेची बाजू. दुकानांतल्या फळ्यांवर मिळणाऱ्या बऱ्याच आंबट भाज्या व्हिनेगरमध्ये मुरवलेल्या असतात, तर काही आंबवून नंतर तापवलेल्या असतात, आणि दोन्हींमध्ये जिवंत जिवाणू मिळतील अशी अपेक्षा ठेवण्यात अर्थ नाही. ही बरणी मात्र फ्रिजमध्ये ठेवावी लागते. झाकण फिरवले की बारीक फुस्स आवाज येतो, काचेला चिकटलेले बुडबुडे वर सरकतात आणि गढूळसर पाण्यातला कोबी चावताना अजूनही कुरकुरीत लागतो. आंबटपणा स्वच्छ आहे, उग्र नाही. थालीपीठाबरोबर तो फार छान लागतो. उकळत्या आमटीत मात्र घालू नये, कारण तिथे जिवाणू मरतात.

हे जिवाणू बाहेरून घालावे लागत नाहीत, ते कोबीच्या पानांवर मुळातच असतात. मिठामुळे पानांना पाणी सुटते, त्यात आधी ल्युकोनोस्टॉक वाढतात आणि आम्लता चढली की लॅक्टोबॅसिलस प्लांटारम ताबा घेतात. सामू (पीएच, आम्लता वाढली की हा आकडा घटतो) ४.६ च्या खाली गेला की बोट्युलिझम या जीवघेण्या अन्नविषबाधेचा जिवाणू वाढू शकत नाही. त्यामुळे नीट आंबलेला कोबी मुळात सुरक्षित पदार्थ आहे.

बरणीवर ठळक अक्षरांत ‘रोगप्रतिकारशक्ती वाढवते’ असे छापले आहे, आणि इथे माझा आक्षेप आहे. अशा दाव्यांना आधार म्हणून स्टॅनफर्ड विद्यापीठाचा २०२१ मधला अभ्यास वारंवार सांगितला जातो. त्यात ३६ निरोगी प्रौढांपैकी ज्या गटाने १० आठवडे आंबवलेले पदार्थ खाल्ले, त्यांच्या आतड्यांतल्या जिवाणूंची विविधता वाढली आणि रक्तातली दाहाशी संबंधित १९ प्रथिने कमी झाली. निष्कर्ष आशादायक आहे, यात शंका नाही. परंतु ती माणसे दही, केफिर (आंबवलेले दुधाचे पेय), किमची (कोरियन आंबवलेली भाजी) असे अनेक पदार्थ मिळून दिवसाला सुमारे सहा वाढप खात होती. ताटाच्या कडेला घेतलेल्या दोन चमचे कोबीच्या नावावर तो परिणाम जमा करणे प्रामाणिकपणाचे नाही. तंतुमय पदार्थ आणि क जीवनसत्त्व मात्र या कोबीतून खरोखर मिळते.

खरी किंमत मिठात मोजावी लागते. असा कोबी साधारण दोन टक्के मिठात आंबवतात, म्हणजे ५० ग्रॅम कोबीतून १ ग्रॅमच्या आसपास मीठ पोटात जाते. जागतिक आरोग्य संघटना दिवसाला ५ ग्रॅमपेक्षा कमी मीठ खायला सांगते, आणि आपल्या ताटात लोणचे, पापड, चटणी आधीच हजर असतात. एवढे असूनही या लेबलवर ऊर्जा व प्रथिनांचे आकडे आहेत, सोडियमचा नाही. आरोग्याच्या नावाने विकल्या जाणाऱ्या वस्तूत ही उणीव मला गंभीर वाटते. रक्तदाबाच्या किंवा मूत्रपिंडाच्या रुग्णाला नेमका तोच आकडा हवा असतो.

कर्करोग संशोधनाच्या आंतरराष्ट्रीय संस्थेने पारंपरिक आशियाई पद्धतीच्या खारवलेल्या भाज्या १९९३ मध्ये ‘२ब’ गटात, म्हणजे कर्करोगास कारणीभूत ठरण्याची शक्यता असलेल्या पदार्थांत टाकल्या. त्यामागचे पुरावे मुख्यतः पूर्व आशियातले आहेत आणि मर्यादित आहेत. ते या बरणीला जसेच्या तसे लावता येत नाहीत, पण रोज वाडगाभर खाऊ नये एवढे त्यातून मी नक्की घेतो.

आंबवताना हिस्टामाइन आणि टायरामाइन ही रक्तवाहिन्यांवर परिणाम करणारी रसायनेही तयार होतात, त्यामुळे अर्धशिशीचा त्रास असणाऱ्यांनी बेताने खावे आणि नैराश्यावरची एमएओ रोधक गटातली औषधे घेणाऱ्यांनी टाळावे. केमोथेरपी चालू असलेल्यांनी किंवा अवयव प्रत्यारोपण झालेल्यांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय चमचाभरही घेऊ नये. ज्यांना सहज गॅस होतो, त्यांनी एका चमच्याने सुरुवात करावी.

मी ही बरणी पुन्हा घेईन, पण लहान आकाराची, आणि घरातल्या रक्तदाबाच्या रुग्णाला वाढणार नाही. उघडल्यावर कोबी पाण्याखालीच दाबून ठेवावा आणि कोरड्या, स्वच्छ चमच्याने काढावा. त्यावर हिरवी, काळी किंवा केसाळ बुरशी दिसली तर वरचा थर काढून उरलेला खाण्याचा मोह न धरता सगळी बरणी टाकून द्यावी.