व्यायामाच्या कॅलरी परत खाव्यात का? बँड आणि ॲप वापरल्यानंतरचा अनुभव

ज्यांना घाई आहे त्यांच्यासाठी निकाल आधीच सांगते. रोजच्या चालण्याच्या कॅलरी परत खायच्या नाहीत. गड चढण्यासारख्या मोठ्या दिवशी खायच्या, पण बँड दाखवतो तेवढ्या नाही, साधारण निम्म्या. आणि या सगळ्याच्या आधी ॲपमधली एक सेटिंग तपासायची. ती चुकीची असेल तर पुढची सगळी आकडेमोड पाण्यात.

मनगटावरचा बँड घेतला तो वजन कमी करायला सुरुवात केली तेव्हाच. फोनमध्ये कॅलरी मोजणारं ॲप, दोन्ही एकमेकांना जोडलेली. नावं लिहीत नाही, कारण हा घोळ एकाच कंपनीचा नाही. पद्धत सगळीकडे सारखीच: ॲप तुम्हाला दिवसाचं कॅलरी बजेट देतं, तुम्ही चालून आलात की बँड आकडा पाठवतो आणि बजेट तेवढ्याने फुगतं. सकाळी पुण्यातल्या तळजाईला पाऊण तास चालून घरी येते तोवर स्क्रीनवर हिरव्या अक्षरांत ‘+२६०’ तयार. म्हणजे दोन पोळ्या आणि वर चहाबरोबर बिस्किटं फुकट, असं मनाला वाटणारच.

आता ती सेटिंग. ॲप सुरुवातीलाच विचारतं, तुमची दिवसभराची हालचाल किती? माझं वय ४२, उंची १६० सेंमी, सुरुवातीचं वजन ७६ किलो, काम बसून. मिफ्लिन-सेंट जिओर या १९९० सालच्या सूत्राने माझं शरीर नुसतं पडून राहिलं तरी दिवसाला साधारण १३९० कॅलरी खर्च करतं. ‘बैठं काम’ निवडलं तर ॲप त्याला १.२ ने गुणतं, उत्तर १६६७. ‘हलकी हालचाल’ निवडलं तर १.३७५ ने, म्हणजे १९१०. दोन्हींत फरक २४० च्या आसपास. हा फरक म्हणजेच माझं सकाळचं चालणं आणि थोडी इकडची तिकडची धावपळ! ‘हलकी हालचाल’ निवडून वर पुन्हा बँडचे २६० जोडले, तर एकच चालणं दोनदा मोजलं जातं. ॲप याबद्दल चकार शब्द काढत नाही. दोनपैकी एकच वाट धरा: एक तर हालचाल गुणकात धरा आणि व्यायाम विसरा, नाही तर ‘बैठं काम’ ठेवा आणि व्यायाम वेगळा जोडा. मी पहिली धरली. वजन उतरायला १९१० मधून ४०० वजा, बजेट १५१०.

पण ते २६० तरी खरे आहेत का? ताशी पाच किलोमीटर वेगाने सपाटीवर चालताना शरीर बसल्या जागेच्या साडेतीनपट ऊर्जा वापरतं असं ढोबळमानाने धरतात. स्वस्थ बसलेल्या माणसाचा खर्च तासाला किलोमागे साधारण एक कॅलरी. म्हणजे ७६ किलोच्या बाईचे पाऊण तासात २०० होतात. त्यातले ५७ मी सोफ्यावर बसून राहिले असते तरी गेलेच असते, आणि ते ॲपने दिवसाच्या हिशेबात आधीच धरलेले आहेत. चालण्याची खरी कमाई उरते १४०-१४५.

बँडला दोष तरी किती द्यायचा? तो कॅलरी मोजत नाहीच. तो नाडी आणि हाताची हालचाल बघून अंदाज बांधतो. २०१७ साली स्टॅनफर्ड विद्यापीठाने मनगटावरची सात उपकरणं ६० जणांवर तपासली होती. सातपैकी सहांची नाडी पाच टक्क्यांच्या आत बरोबर आली. कॅलरीत मात्र सगळ्यांत चांगलं उपकरणसुद्धा सरासरी २७ टक्के चुकलं आणि सगळ्यांत वाईट ९३ टक्के. माझ्याकडे घरगुती पुरावे भरपूर आहेत. कणीक मळताना पावलं वाढतात. खड्ड्यांच्या रस्त्यावरून स्कूटर चालवली की वाढतात. उलट, सुपरमार्केटात भरलेली ट्रॉली ढकलत अर्धा तास फिरले तर हात हलत नाहीत म्हणून काहीच नोंद नाही. एप्रिलमध्ये तळजाईचा तोच रस्ता, तोच वेग, पण आकडा जानेवारीपेक्षा बराच मोठा, कारण उकाड्यात नाडी वाढते आणि बँडला वाटतं बाई फारच मेहनत करतेय.

खरी गंमत सिंहगडावर. आमचा ग्रुप बहुतेक रविवारी पायथ्याच्या आतकरवाडीतून चढतो. वर पोहोचून, खाली येऊन गाडीपाशी उभी राहिले की बँड म्हणतो ११५०. शाळेतलं भौतिकशास्त्र आठवून मी एकदा हिशेब मांडला. मी आणि पाठीवरची पिशवी मिळून ७९ किलो, चढ अंदाजे ६०० मीटर. एवढं वजन तेवढं वर न्यायला लागणारी ऊर्जा ७९ गुणिले ९.८ गुणिले ६००, म्हणजे ४६५ किलोज्यूलच्या आसपास, कॅलरीत १११. स्नायू खाल्लेल्यातली फार तर पाव ऊर्जा कामाला लावतात, बाकीची उष्णता होऊन जाते. म्हणून चारने गुणायचं, साधारण ४५०. स्नायूंची कार्यक्षमता वीसच टक्के धरली तर ५५०. उतरताना आणखी शंभरेक. म्हणजे ५५० ते ६५०. बँडच्या जवळजवळ निम्मं.

आणि वर काय खातो? पिठलं-भाकरी. घरी वजनकाट्यावर पीठ मोजून भाकऱ्या केल्यात, म्हणून अंदाज सांगू शकते: ज्वारीच्या ६५ ग्रॅम पिठाची भाकरी सव्वादोनशेची, दोन घेतल्या की साडेचारशे. पिठल्यात बेसन आणि पळीभर तेल, सव्वादोनशे. कांदाभज्यांची प्लेट तीनशेच्या खाली नाही. वर मडक्यातलं गोड दही, शंभर तरी. बेरीज १०७५. बँडवर विश्वास ठेवला तर पाटी कोरी, भौतिकशास्त्रावर ठेवला तर चार-पाचशे अंगावर. तरी भाकरी करून देणाऱ्या मावशी म्हणतातच, ‘‘ताई, एवढा गड चढून आलात, आता कसला हिशेब? घ्या अजून अर्धी.’’ आणि तव्यावरून उतरलेली भाकरी ताटात पडते.

मी हे मुद्दाम तीन तऱ्हांनी करून पाहिलं. आधी महिनाभराहून जास्त, ॲप देईल तेवढं सगळं खाल्लं. काटा जागचा हलला नाही, आणि हिशेब मांडल्यावर त्यात नवल वाटलं नाही. रोज १५१० अधिक २६० म्हणजे १७७०. खर्च १९१०, तूट १४०. सहा दिवसांचे ८४०. रविवारी १५१० अधिक ११५०, म्हणजे २६६०. खर्च साधारण २४६०, त्यामुळे उलट २०० जास्त. आठवड्याची एकूण तूट ६४०. एक किलो चरबीमागे ७७०० कॅलरी हा ढोबळ हिशेब धरला तर आठवड्याला ८०-८५ ग्रॅम. तेवढं तर एका आमटीच्या फोडणीत बुडतं.

मग व्यायामाच्या कॅलरी अजिबात न खाण्याचा महिना. वजन झपाझप उतरलं, पण रविवारी गडावर ताक पिऊन उतरलेली मी सोमवारी संध्याकाळी चिवड्याच्या डब्यात हात घालून उभी असायचे, आणि घरात कोणी काही विचारलं की वसकन अंगावर जायचे. गडाच्या दिवशी १५१० खाऊन त्यातले सहाशे डोंगरावर गेले तर बाकी दिवसाला उरतात नऊशे. शरीर ते वसूल करतंच, कधी चिवड्यातून, कधी न हलण्यातून. गडावरून आल्यावर मी दुपारी जी आडवी व्हायचे ती दिवेलागणीलाच उठायचे. टांझानियातल्या हाड्झा या शिकार करून आणि कंदमुळं गोळा करून जगणाऱ्या लोकांवर मानववंशशास्त्रज्ञ हर्मन पाँट्झर यांनी केलेला अभ्यास २०१२ साली आला. ते लोक दिवसभर मैलोन्‌मैल चालतात, तरी शरीराच्या आकारमानाचा हिशेब केल्यावर त्यांचा रोजचा एकूण ऊर्जाखर्च पाश्चात्त्य शहरी माणसाएवढाच निघाला. शरीर एकीकडे जास्त खर्च झाला की दुसरीकडे हात आखडतं, असं पाँट्झर यांचं म्हणणं. माझी रविवारची झोप बघता मला ते पटतं.

तेव्हापासून निम्म्याची पद्धत चालू आहे. आठवडाभर काही जोडायचं नाही, गडाच्या दिवशी साडेपाचशे. दोन भाकऱ्या आणि थोडं पिठलं बसतं त्यात. भजी चौघींत एक प्लेट.

दुसऱ्या दिवशी काट्यावर उभं राहू नका, हे मात्र आवर्जून सांगते. दुखऱ्या पायांत पाणी धरतं, भाकरीबरोबर मीठ पोटात गेलेलं असतं. किलोभर वजन वाढलेलं दिसलं तर ती चरबी नव्हे. मी रोज वजन करते पण बघते आठवड्याची सरासरी. आणि चार आठवड्यांनी उलटं गणित मांडते. समजा सरासरी १.२ किलो उतरली: १.२ गुणिले ७७००, भागिले २८, म्हणजे रोजची तूट ३३०. ॲपच्या मते हवी होती ४००. मधले ७० कुठे गेले, फोडणीत, बँडच्या चुकीत की झोपेत, ते शोधत बसायची गरज नाही. बजेट ७० ने कमी करायचं, नाही तर ३३० वर समाधान मानायचं. या एका गणितानंतर बँडच्या कॅलरींकडे माझं लक्षच जात नाही.

हा हिशेब सगळ्यांना लागू नाही. माझी एक मैत्रीण अर्धमॅरेथॉनची तयारी करते, आठवड्याला बरेच किलोमीटर पळते. तिने माझ्यासारखं न जोडता खाल्लं तर पाळी चुकणं, हाडं कमजोर होणं इथपर्यंत मजल जाऊ शकते. आंतरराष्ट्रीय ऑलिंपिक समितीने २०१४ साली खेळाडूंमधल्या या ऊर्जातुटीवर वेगळं निवेदनच काढलं होतं. तिने खायलाच हवं. मधुमेहाच्या गोळ्या किंवा इन्शुलिन घेणाऱ्यांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय यातलं काहीही करू नये, साखर खाली जाते.

बँड म्हणून बँड बरा आहे. नाडी नीट दाखवतो, बॅटरी आठवडाभर पुरते, पट्ट्याखाली घामोळं येतं म्हणून घरी आल्यावर काढून ठेवते. ॲपमधली खाण्याची यादी मात्र वैताग आहे: एका पोळीला ७० पासून १८० पर्यंत नोंदी, कुठली धरायची? मी ३० ग्रॅम कणकेचे शंभर धरते आणि तेल वेगळं लिहिते. व्यायामाच्या कॅलरी बजेटमध्ये न जोडण्याचा पर्याय माझ्या ॲपमध्ये पैसे भरणाऱ्यांनाच आहे. मी पैसे भरले नाहीत, बँडची जोडणीच तोडली. गडाचे साडेपाचशे रविवारी गाडीत बसल्यावर हाताने लिहिते.