सी-60 : जिल्ह्यातल्याच पोरांची फोर्स, आणि तीच तिची खरी ताकद

सी-60 म्हणजे गडचिरोली पोलिसांचं नक्षलविरोधी कमांडो पथक. त्याच्या बातम्या येतात त्या फक्त चकमकीच्या, किती मारले, किती बंदुका सापडल्या, संपलं. मी गडचिरोलीतल्या एटापल्लीकडच्या भागात आश्रमशाळेवर बरीच वर्षं मास्तरकी केलीय, त्यामुळे गावात राहणाऱ्या माणसाला पोलिसांची ही सर्व्हिस कशी वाटते ते लिहावंसं वाटलं.

आधी थोडं बॅकग्राउंड. 1980 च्या आसपास नक्षलवादी प्राणहिता नदी ओलांडून आंध्रातून या भागात यायला लागले. गडचिरोली जिल्हा 1982 साली चंद्रपूरमधून वेगळा झाला, म्हणजे जिल्हा आणि हा प्रश्न जवळजवळ बरोबरच वाढले. बाहेरून आणलेल्या पोलिसाला इथे ना वाट माहीत ना भाषा, नाल्याच्या पलीकडचं गाव विचारायचं तरी कुणाला आणि कसं? मग 1990 साली तेव्हाचे एसपी के. पी. रघुवंशी यांनी जिल्ह्यातलेच 60 जवान निवडून कमांडो पथक उभं केलं, त्यावरून नाव सी-60. पुढे 1994 मध्ये अहेरीकडे प्राणहिता पोलीस उपमुख्यालयातही दुसरं युनिट झालं. आज संख्या 60 च्या कितीतरी पुढे गेलीय. पथकाच्या तुकडीला इथे सगळे ‘पार्टी’च म्हणतात, आणि पार्टी ओळखली जाते तिच्या कमांडरच्या नावाने.

आता अनुभव. पार्टी गावात शिरते ती सहसा रस्त्याने नाही, शेताच्या मागून, बांधावरून, एकामागे एक आणि मध्ये अंतर सोडून. पाठीवर पिट्टू, त्यात तांदूळ-डाळ, ताडपत्री, गोळ्या, सगळं स्वतःच वाहायचं. हापश्यावर दोघं पाणी भरतात तोवर बाकीचे जंगलाकडे तोंड करून उभे. एकदा माझ्यासमोर एक जवान मोहफुलं वाळवत बसलेल्या म्हातारीजवळ उकिडवा बसला आणि तिच्याशी सरळ माडियात, म्हणजे इथल्या आदिवासींच्या बोलीत बोलायला लागला, पोरगा कुठंय, रेशन मिळतं का, नातवाचा जातीचा दाखला झाला का. म्हातारी आधी मान खाली घालून होती, मग हळूहळू बोलायला लागली आणि त्याने खिशातल्या छोट्या डायरीत लिहून घेतलं. मला इतकी वर्षं राहूनही तिच्याकडून एवढं कधी काढता आलं नव्हतं! खबर, विश्वास, नक्षल्यांच्या घरच्यांना समजावून पोराला सरेंडर करायला लावणं, सगळं या बोलण्यातून होतं, आणि सी-60 चं निम्मं काम हेच आहे असं माझं ठाम मत आहे. मनेसर, हजारीबाग, कांकेर, नागपूर इथलं ट्रेनिंग मिळतं ते भारीच आहे, पण माडिया आणि गोंडी तिथे शिकवून येत नाही ना.

कारवाईत तर यांचं नाव आहेच. नोव्हेंबर 2021 मध्ये मर्दिनटोल्याच्या जंगलात मिलिंद तेलतुंबडे, म्हणजे थेट माओवाद्यांच्या केंद्रीय समितीचा मेंबर, मारला गेला, ती कारवाई यांचीच. आणि ऑक्टोबर 2025 मध्ये माओवाद्यांचा मोठा नेता भूपती 60 साथीदारांसह मुख्यमंत्र्यांसमोर गडचिरोलीत शस्त्रं ठेवून बाहेर आला. मला विचाराल तर ही दुसरी घटना मोठी, कारण त्या दिवशी कुणाच्याच घरी प्रेत गेलं नाही.

आता जे खटकतं तेही लिहितो. एप्रिल 2018 च्या बोरिया-कसनासूर चकमकीनंतर पोलिसांनी मोठं यश सांगितलं, पण गट्टेपल्लीच्या लोकांचं म्हणणं होतं की त्यात मेलेली आमची पोरं लग्नाला म्हणून गेली होती. पोलीस म्हणतात ती नक्षल्यांत नव्याने भरती झालेली होती. खरं काय ते कोर्टाने, चौकशीने ठरवावं, पण जी फोर्स लोकांच्या विश्वासावर उभी आहे तिने अशा प्रश्नाला गावात जाऊन, लोकांच्या भाषेत उत्तर द्यायला पाहिजे, नुसती प्रेस नोट पुरत नाही.

दुसरं, पार्टी अर्धा तास थांबून निघून जाते आणि गाव तिथेच राहतं. पोलिसाशी बोलला म्हणून खबऱ्या ठरवून माणसं मारली गेलीत इकडे, त्यामुळे कित्येक घरं पार्टी दिसली की दार लावून घ्यायची, यात लोकांचा काहीच दोष नाही. वांगेतुरी, गर्देवाडा अशा आतल्या गावांत आता पोलीस मदत केंद्रं झालीत, तिथे पोलिसांच्याच दादालोरा खिडकीवर दाखले, योजनांचे फॉर्म होतात, हा फरक खरंच जाणवतो. पोलीस राहायला आले तर बोलायची भीती कमी होते.

आणि जवानांच्या बाजूने बोलायचं तर, रस्ता तपासल्याशिवाय गाडीने जायचं नाही हा इथला साधा नियम, रस्त्याखालची मोरी दिसली की उतरून आत सुरुंग नाही ना ते बघायचं. 1 मे 2019 ला जांभुळखेड्याला खासगी गाडीतून निघालेले क्यूआरटीचे (पोलिसांचं शीघ्र कृती पथक) 15 जवान आणि ड्रायव्हर भूसुरुंगात गेले. क्यूआरटी वेगळं पथक, पण पोरं याच जिल्ह्यातली, आणि घाईत आखलेल्या हालचालीची किंमत खालच्या जवानाने मोजायची हे परत कधी होता कामा नये. सी-60 वाल्यांच्या घरच्यांनाही धमक्या असतात, स्वतःच्या गावात सणाला जाता येत नाही असे कितीतरी आहेत. त्यांच्या क्वार्टर्सचा आणि गुडघे-कंबर गेल्यावर मिळणाऱ्या ड्युटीचा विचार पदकांच्या आधी व्हावा.

स्टार द्यायचे तर जंगलातल्या कामाला पाचपैकी पाच, लोकांशी बोलण्याला साडेचार, आणि चुकलं तर जाब देण्याला तीन, तेही ओढूनताणून.

नक्षलवाद ओसरला म्हणून आता हे पथक मोडून जवान कुठेही पाठवू नयेत, किंवा खाणीच्या गाड्यांच्या पहाऱ्यालाच बसवून ठेवू नये. माडिया बोलणारा, पायवाटा माहीत असलेला पोलीस ठाण्यात बसला तर तक्रार घेऊन येणाऱ्या माणसाला दुभाष्या शोधावा लागणार नाही. आणि भरतीची तयारी करणाऱ्या पोरापोरींना सांगतो, सी-60 मध्ये थेट भरती नसते, आधी जिल्हा पोलिसात लागावं लागतं, मग तिथून निवड होते, त्यामुळे रनिंगबरोबर पेपरचा अभ्यासही जोरात करा.