नंबरचा स्नॉर्कलिंग मास्क: ग्रँड आयलंडला वापरून बघितला

मागच्या वेळी गोव्याच्या ग्रँड आयलंडला गेलो तेव्हा चष्मा बोटीत ठेवून पाण्यात उतरलो होतो आणि वर आल्यावर सगळे "तो निळ्या पट्ट्यांचा मासा बघितलास काय" करत होते तेव्हा मी पण हो हो म्हटलं, खरं सांगायचं तर तपकिरी काहीतरी हललं एवढंच दिसलेलं, मासा होता की कोणाच्या पायातला फिन (पोहायचा रबरी पंजा) देव जाणे.

माझा नंबर डाव्या डोळ्याला मायनस साडेचार, उजव्याला पावणेचार. बोटवाल्यांकडे भाड्याचे मास्क असतात ते सगळे साध्या काचेचे. म्हणून यंदा नंबरचा मास्क ऑनलाईन मागवला. हे मास्क अर्ध्या-अर्ध्या नंबरच्या फरकाने येतात, पावणेचार वगैरे मिळत नाय, आणि चष्म्यात सिलिंडरचा नंबर (अॅस्टिगमॅटिझमचा) असेल तर तो यात जातच नाय. मी साडेचार आणि साडेतीन अशी ऑर्डर दिलेली, आलं काय तर दोन्हीकडे चार! परत पाठवायचं म्हटलं तर शनिवारची बोट बुक होती. तसाच घेऊन गेलो. पाण्यात वस्तू तशाही साधारण एक तृतीयांश मोठ्या दिसतात, त्यामुळे डाव्या डोळ्याला अर्धा नंबर कमी पडला तो काही जाणवला नाय.

आणखी एक, नवीन मास्क आला की काचेला आतून टूथपेस्ट चोळून धुवायचीच. कारखान्यातून काचेवर एक पातळ थर येतो, तो गेला नाय तर मिनिटभरात धुकं. मी आदल्या रात्री दोनदा चोळली, घरी सगळ्यांना वाटलं मी वॉशबेसिन घासतोय.

आता मुख्य गोष्ट. कोको बीचवरून बोट, लाटा बऱ्या होत्या, पाणी नेहमीसारखं हिरवट. मांडवी आणि झुआरी नद्यांचा गाळ याच बाजूला येतो, त्यामुळे अंदमानसारखं निळं पाणी इथं शोधू नका. चार-पाच मीटरच्या पुढे सगळं पुसट. बुडालेल्या जहाजाचे गंजके पत्रे आहेत तिथं खाली गेलो, साधारण सहा मीटर, आणि पत्र्याच्या मागून तो बाहेर आला. तोच निळ्या पट्ट्यांचा, ब्लू रिंग एंजलफिश. आणि एकटा नाय, जोडी! हे मोठे झाले की बरेचदा जोडीनेच फिरतात.

आकार म्हणाल तर पापलेटासारखा चपटा आणि उभट, पण अंगाने भरलेला, मोठं ताट उभं धरल्यासारखा. हा ४५ सेंटीमीटरपर्यंत वाढतो, समोरचा एक फूट तरी असेल. अंग सोनेरी तपकिरी, त्यावर निळ्या कमानी, छातीच्या पराजवळून निघून मागे वर वळत वळत पाठीच्या पराच्या टोकाकडे जातात. तोंडावर दोन निळ्या रेघा, एक डोळ्यावरून जाणारी. शेपटी पांढरीफेक. आणि कल्ल्याच्या वरच्या बाजूला निळं कडं, बांगडीएवढं नाय, अंगठीएवढं. नाव त्यावरूनच, शास्त्रीय नाव पण अॅन्युलॅरिस, १७८७ मध्ये ब्लॉख नावाच्या जर्मन मासेतज्ज्ञाने दिलेलं. मास्क पास की नापास ते मी या कड्यावर ठरवणार होतो. कडं दिसलं, गालावरचा काटा पण दिसला. एंजलफिश आणि बटरफ्लायफिशमधला फरक हाच काटा.

गंमत म्हणजे याचं पिल्लू बघितलं तर वेगळीच जात वाटेल, गडद निळं आणि अंगावर पांढऱ्या उभ्या रेघा. ती पिल्लं किनाऱ्याजवळ अगदी उथळात, शेवाळ धरलेल्या खडकावर राहतात. मोठ्यांना गढूळ पाणी, खडक, जुनं जहाज चालतं, स्पंज वगैरे टोचून खातात. म्हणजे गोव्याचं पाणी खराब म्हणून आपण नाक मुरडतो आणि हा त्यातच संसार करतोय. बोटींच्या बोर्डावर नारिंगी क्लाऊनफिश छापतात त्यापेक्षा याचा फोटो छापला तर बरं, पण कोण ऐकतो.

वाईट बाजू पण सांगतो. सिलिकॉनची कड चांगली मऊ आहे पण मला मिशी आहे, तिथून पाणी सारखं झिरपत होतं, नाकाने फुंकून फुंकून वैताग. पट्टा ओढून घट्ट केला तर कपाळावर वळ, रविवारी ऑफिसचं लग्न होतं तिथं सगळ्यांनी विचारलं. २,४०० रुपयांत डबी पण दिली नाय, पिशवीत आला. आणि माझा मास्क दुसऱ्या कोणाच्या कामाचा नाय, भाच्याला दिला तर त्याला चक्कर.

पाच पैकी चार स्टार. नंबर चुकीचा पाठवला त्याचा एक कापला.

हां, परतीच्या वाटेवर चष्मा बॅगेत, बॅग खालच्या खणात, त्यावर दहा जणांच्या बॅगा. मग काय, मास्क घालूनच बसलो, जेवलो पण तसाच. बोटीवरचा पोरगा म्हणतो, "काका, अजून पाण्यातच काय?"