मेन्डिप्स आणि फोर्थलिन रोड: बीटल्सच्या बालपणाच्या घरांची सहल

बीटल्स हा जगप्रसिद्ध बँड म्हणजे इंग्लंडमधील लिव्हरपूलच्या कष्टकरी वस्तीतून वर आलेले चार तरुण होते, हे विधान इतक्या ठिकाणी छापून आले आहे की ते तपासून पाहावे असे सहसा कोणाला वाटत नाही. मीही वर्षानुवर्षे ते खरे धरून चाललो होतो. ब्रिटनमधील नॅशनल ट्रस्ट ही संस्था बीटल्समधील जॉन लेनन आणि पॉल मॅकार्टनी यांच्या बालपणीच्या घरांची जी मार्गदर्शित सहल चालवते, ती केल्यावर मात्र मला हे विधान अपुरे वाटू लागले. एकाच शहरात, एकमेकांपासून पायी जाण्याच्या अंतरावर वाढलेली ही दोन मुले दोन अगदी वेगळ्या घरांतून आली होती, आणि त्यांच्या संगीतात जे एकत्र आले ते या घरांमधील फरकासह आले. हे पुस्तकात वाचूनही समजते. परंतु त्या खोल्यांची लांबीरुंदी स्वतःच्या डोळ्यांनी पाहिल्यावर ते जसे मनावर ठसते, तसे वाचनाने ठसत नाही.

सहलीची व्यवस्था साधी आहे. घरांत थेट जाता येत नाही. आधी नोंदणी करावी लागते, मोजक्या लोकांची मिनीबस निघते आणि दोन्ही घरे एकामागून एक दाखवली जातात. आमची बस स्पीक हॉल या ट्यूडर काळातील जुन्या वाड्यापासून निघाली. घरांच्या आत छायाचित्रे घेण्यास मनाई आहे आणि पिशव्या व कॅमेरे बाजूला ठेवावे लागतात. हा नियम सुरुवातीला अनेकांना खटकतो. माझ्या मते मात्र या अनुभवाचा अर्धा दर्जा त्या नियमामुळेच टिकला आहे, कारण हातात काहीच नसल्यामुळे माणसे भिंतींकडे, शेगडीकडे आणि जिन्याकडे नीट पाहतात.

पहिले घर म्हणजे २५१, मेनलव्ह अव्हेन्यू. १९३३ मध्ये बांधलेल्या या जोडघराला 'मेन्डिप्स' असे नाव आहे, आणि घराला क्रमांकाबरोबर नाव असणे हीच त्या काळच्या इंग्लंडमध्ये सामाजिक दर्जाची खूण होती. पुढच्या खिडक्यांना रंगीत काचा आहेत. स्वयंपाकघराला लागून असलेल्या खोलीत नोकरांना बोलावण्यासाठीच्या घंटांचा फलक आजही आहे, जरी लेनन राहत होता तेव्हा घरात नोकर नव्हते. जॉन पाच वर्षांचा असताना आईच्या थोरल्या बहिणीकडे, म्हणजे मिमी मावशीकडे, येथे राहायला आला आणि १९६३ पर्यंत हेच त्याचे घर होते. मिमीचे यजमान जॉर्ज स्मिथ यांचे घराणे दुधाच्या व्यवसायातले. त्यांनी या मुलाला मांडीवर घेऊन वर्तमानपत्रातून वाचायला शिकवले. जून १९५५ मध्ये ते अचानक वारले, तेव्हा जॉन चौदा वर्षांचा होता. त्यानंतर घराचा खर्च भागवण्यासाठी मिमी मावशी विद्यार्थ्यांना खोल्या भाड्याने देत असे. म्हणजे बाहेरून सुखवस्तू दिसणाऱ्या या घरातही पैशांची ओढाताण होती आणि ती शिस्तीच्या पडद्याआड झाकलेली होती. पाहुण्यांनी मागील दाराने स्वयंपाकघरातून यावे, हा तिचा दंडक होता. आम्हालाही त्याच दाराने आत नेण्यात आले आणि घराचा स्वभाव तेथेच कळला.

माझ्यावर सर्वांत खोल परिणाम केला तो पुढच्या दारातील काचेच्या लहानशा पोर्चने. गिटारचा आवाज मावशीला घरात नको असे, म्हणून जॉन आणि पुढे पॉलही तेथे उभे राहून वाजवत. फरशी आणि काच यांमुळे त्या जागेत आवाज घुमतो. सुरुवातीच्या रॉक अँड रोलच्या तबकड्यांवर जो घुमारा ऐकून ही मुले वेडी झाली होती, तो त्यांना घराबाहेर काढल्यामुळे आयताच मिळाला. आमच्यातील एका बाईंनी दारे लावून घेऊन तेथे दोन ओळी गुणगुणल्या आणि आम्ही सारे क्षणभर गप्प झालो. वरच्या मजल्यावर, याच पोर्चच्या डोक्यावर, जॉनची झोपण्याची खोली आहे. ती इतकी अरुंद आहे की एका वेळी दोघांनाच नीट उभे राहता येते.

जॉनची आई ज्युलिया जवळच स्प्रिंगवूड भागात राहत असे. तिनेच त्याला बँजोच्या पद्धतीने गिटारवर पहिले सूर धरायला शिकवले. एका घरात शिस्त, पुस्तके आणि रीतीभाती, तर दुसऱ्या घरात गाणे, वाद्य आणि मोकळे हसणे, अशा दोन घरांमध्ये हा मुलगा ये-जा करत होता. १५ जुलै १९५८ रोजी मिमीला भेटून परत जाताना ज्युलियाला मेनलव्ह अव्हेन्यूवर, या घरापासून काही पावलांवर, मोटारीने धडक दिली आणि ती मरण पावली. जॉन तेव्हा सतरा वर्षांचा होता. सहलीत हा प्रसंग अतिशय संयमाने सांगितला गेला. निवेदकाने फक्त रस्त्याच्या दिशेने हात केला आणि पुढे काही बोलण्याआधी बराच वेळ जाऊ दिला. या निवेदनाला मी पूर्ण गुण देईन.

मेन्डिप्स २००२ मध्ये जॉनची पत्नी योको ओनो यांनी विकत घेऊन ट्रस्टला दिले आणि पुढच्या वर्षी ते लोकांसाठी खुले झाले. पॉलचे फोर्थलिन रोडचे घर ट्रस्टने त्याआधीच, १९९५ मध्ये, घेतले होते. गोल्फच्या मैदानातून चालत गेल्यास ही दोन घरे फार दूर नाहीत, आणि जॉन त्याच वाटेने गिटार घेऊन पॉलकडे जात असे.

२०, फोर्थलिन रोड हे लिव्हरपूल महापालिकेने युद्धानंतर बांधलेल्या ओळीतील एक भाड्याचे घर आहे. मॅकार्टनी कुटुंब १९५५ मध्ये येथे आले. आई मेरी परिचारिका आणि सुईण होती, तिची कमाई नवऱ्यापेक्षा जास्त होती आणि मुलांनी शिकून पुढे जावे हा तिचा ध्यास होता. येथे येऊन जेमतेम वर्ष झाले असेल, तोच ३१ ऑक्टोबर १९५६ रोजी स्तनाच्या कर्करोगावरील शस्त्रक्रियेनंतर ती वारली. पॉल चौदा वर्षांचा आणि धाकटा भाऊ माइक बारा वर्षांचा होता. कापूस विकणाऱ्या पेढीत काम करणारे वडील जिम यांनी दोन्ही मुलांना एकट्याने वाढवले. हे घर पाहताना वारंवार जाणवते ते असे की, येथे पैसा कमी असला तरी संगीत मात्र घरच्या नित्यक्रमाचा भाग होते. तरुणपणी जिम यांचा स्वतःचा जॅझ वाद्यवृंद होता. पुढच्या खोलीत पियानो होता आणि रेडिओपासून तारा ओढून मुलांच्या अंथरुणापर्यंत हेडफोन पोहोचवण्याची सोय जिम यांनी केली होती. रात्री अंधारात ही दोन भावंडे त्यातून गाणी ऐकत झोपी जात. चौदाव्या वाढदिवसाला वडिलांनी दिलेली तुतारी पॉलने दुकानात जाऊन गिटारशी बदलून घेतली, कारण तुतारी वाजवताना गाता येत नाही. वडिलांनी त्याला अडवले नाही. मेन्डिप्समधील पोर्चनंतर लगेच ही गोष्ट ऐकताना दोन घरांतील अंतर स्पष्टपणे समोर येते: एका घराने संगीत दाराबाहेर ठेवले आणि दुसऱ्याने ते उशीपर्यंत आणून दिले.

याच घराच्या पुढच्या खोलीत माइकने १९६२ मध्ये काढलेले एक छायाचित्र पाहायला मिळते. जॉन आणि पॉल शेगडीपाशी गिटार घेऊन बसले आहेत आणि समोर शाळेची वही उघडी आहे. छायाचित्रातील शेगडी आणि आपल्या समोरची शेगडी यांत एका हाताचे अंतर उरते, तेव्हा ही खोली किती लहान आहे ते कळते. दोघांना गुडघ्याला गुडघा लावूनच बसावे लागे. पॉल डावखुरा आणि जॉन उजवा, त्यामुळे समोरच्याची बोटे प्रत्येकाला आरशात पाहिल्यासारखी दिसत. दुपारी जिम कामावर असताना दोघे वर्ग बुडवून येथे येत. ध्वनिमुद्रणाचे यंत्र त्यांच्याकडे नव्हते, म्हणून दुसऱ्या दिवशी जे गाणे आठवणार नाही ते लोकांच्या तरी काय लक्षात राहणार, असा त्यांचा सरळ हिशेब होता. बीटल्सच्या सुरुवातीच्या गाण्यांच्या चाली एकदा ऐकताच का लक्षात राहतात, या प्रश्नाचे इतके समाधानकारक उत्तर मला कोणत्याही संगीतसमीक्षेत मिळालेले नाही. मला परवानगी असती, तर मी या एकाच खोलीत तासभर बसलो असतो.

शहराने त्यांना काय दिले, याचे उत्तर घरांइतके सहज हाती लागत नाही, तरी बसच्या खिडकीतून त्याचे धागे दिसतात. १९४४ च्या शिक्षण कायद्यानंतर गुणवत्तेवर मिळणाऱ्या विनाशुल्क माध्यमिक शिक्षणामुळे पॉल आणि बीटल्समधील तिसरा, जॉर्ज हॅरिसन, लिव्हरपूल इन्स्टिट्यूट या नामांकित शाळेत पोहोचले. त्यांची ओळख शाळेच्या बसमध्ये झाली. शाळेच्या शेजारीच कला महाविद्यालय होते आणि १९५७ पासून जॉन तेथे शिकत होता, त्यामुळे मधल्या सुट्टीत तिघांना एकत्र वाजवता येई. ब्रिटनमधील सक्तीची लष्करी सेवा १ ऑक्टोबर १९३९ नंतर जन्मलेल्यांना लागू झाली नाही. चौघांतील सर्वांत मोठा रिंगो स्टार याचा जन्म जुलै १९४० चा. थोडे आधी जन्मले असते तर ऐन उमेदीची दोन वर्षे बराकीत गेली असती आणि ती एकाच वेळी गेली नसती. प्रतिभेच्या चर्चेत या साध्या तारखांना जागा मिळत नाही, याचे मला नेहमी वाईट वाटते.

याच मुक्कामात मी दुसऱ्या एका खासगी संस्थेच्या मोठ्या बसमधूनही शहर पाहिले. त्यात गाणी मोठ्या आवाजात लावली होती आणि प्रत्येक ठिकाणी फाटकापाशी पाच मिनिटे थांबून छायाचित्रे काढायला सांगितले जात होते. पेनी लेनची पाटी आणि स्ट्रॉबेरी फील्डचे लाल फाटक पाहण्यापुरते ते ठीक आहे. परंतु फेब्रुवारी १९६७ मध्ये एकाच तबकडीच्या दोन बाजूंवर या दोन ठिकाणांवरची बीटल्सची गाणी का आली, पॉलला बसथांबा आणि न्हाव्याचे दुकान का आठवले आणि जॉनला घरामागच्या अनाथाश्रमाची बाग का आठवली, हे त्या बसमधून समजत नाही. ते मेन्डिप्स पाहिल्यावर समजते. साल्व्हेशन आर्मी या ख्रिस्ती सेवासंस्थेच्या त्या आश्रमाच्या बागेत दर उन्हाळ्यात जत्रा भरे, तिचा बँड ऐकू येताच जॉन मिमी मावशीला घेऊन जाण्याची घाई करत असे.

या सहलीची एक मर्यादा मात्र नमूद करायला हवी. ती दोघांची आहे, चौघांची नाही. बसचालकाचा मुलगा जॉर्ज हॅरिसन वेव्हरट्री भागातील १२, आर्नल्ड ग्रोव्ह या चार खोल्यांच्या घरात जन्मला. तेथील शौचालय मागच्या अंगणात होते. पुढे हे कुटुंब स्पीकमधील महापालिकेच्या नव्या वसाहतीत गेले. रिंगोचे बालपण डिंगल भागात गेले. सहाव्या वर्षी आंत्रपुच्छ (अपेंडिक्स) फुटून तो जवळजवळ वर्षभर रुग्णालयात होता, तेराव्या वर्षी क्षयाने त्याची आणखी दोन वर्षे घेतली आणि त्या आरोग्यधामातच त्याच्या हाती तालवाद्य आले. कष्टकरी वस्तीतून आलेले चार तरुण हे विधान खऱ्या अर्थाने रिंगोला लागू पडते, आणि त्याच्याच घरापर्यंत ही बस जात नाही. म्हणून दुसऱ्या दिवशी मी स्वतः डिंगलमध्ये गेलो. त्याचा जन्म झाला ती मॅड्रिन स्ट्रीटची ओळ पाडली जाणार होती, ती लोकांच्या विरोधामुळे वाचली. ९ क्रमांकाच्या दारासमोर मी उभा होतो, तेव्हा रस्त्यावर दुसरे कोणी नव्हते. दारापासून समोरच्या दारापर्यंतचे अंतर मी पावलांनी मोजले, कारण त्या रुंदीच्या रस्त्यावर एका घरातील ढोल सगळ्या घरांना ऐकू गेला असणार.

लिव्हरपूलला जाणाऱ्याने ट्रस्टच्या सहलीची जागा प्रवासाची तिकिटे काढतानाच राखून ठेवावी, कारण जागा थोड्या असतात आणि ऐनवेळी मिळत नाहीत. शक्य असल्यास तो संपूर्ण दिवस मोकळा ठेवावा. सहल संपल्यावर वुल्टन भागातील सेंट पीटर्स चर्चपर्यंत चालत जावे. तेथे ६ जुलै १९५७ रोजी जत्रेत सोळा वर्षांच्या जॉनची आणि पंधरा वर्षांच्या पॉलची पहिली भेट झाली. पॉलच्या आईला जाऊन तेव्हा आठ महिने झाले होते आणि जॉनच्या आईचे आणखी एकच वर्ष उरले होते.