‘सगळं जोडून देतो’ म्हणणाऱ्याने आमचा अडीच महिन्यांचा हिशेब अडकवला

आमचा मोटर-पंपाच्या स्पेअर पार्ट्सचा होलसेल धंदा आहे. दुकान कोल्हापुरात, शाखा सांगलीला, गोडाऊन शिरोलीत. तिन्हीकडे टॅली, म्हणजे हिशेबाचं सॉफ्टवेअर, पण तिन्हीकडचा डेटा वेगळा. सांगलीत गिऱ्हाइकाने सील मागितलं की तिथला माणूस कोल्हापूरला फोन करणार, कोल्हापूरवाला गोडाऊनला. त्यात १ ऑगस्ट २०२३ पासून पाच कोटींवरच्या उलाढालीला ई-इनव्हॉइस (बिल सरकारी पोर्टलवर नोंदवून तिथून मिळणारा क्यूआर कोड त्यावर छापणं) सक्तीचं होणार होतं आणि आम्ही त्यात बसत होतो. जुलैत ओळखीतून एक गृहस्थ आले. बिल, स्टॉक, ई-इनव्हॉइस सगळं एकमेकांना जोडून देतो म्हणाले. कोटेशन ३ लाख ४० हजारांचं, त्यातले २ लाख आधी.

टेबलावर त्यांनी दोन लॅपटॉप मांडले. एकावर बिल केलं आणि दुसऱ्यावर त्याच मालाचा स्टॉक २४० चा २३८ झाला. भाऊ आणि मी बघतच राहिलो. दोन्हीवर त्यांचंच एक सॉफ्टवेअर चालू होतं, आमची टॅली त्यात कुठेच नव्हती, हे तेव्हा लक्षात आलं नाही. ‘आता आमच्या टॅलीतला माल काढून दाखवा’ एवढं म्हटलं असतं, तरी तिथेच सगळं उघडं पडलं असतं. एवढ्यासाठीच हे लिहितोय.

त्यांनी आमचा डेटा ‘क्लाउड’वर, म्हणजे इंटरनेटवरच्या भाड्याच्या सर्व्हरवर हलवला. मालाची यादी एक्सेलमधून नेताना पार्ट नंबरच्या सुरुवातीची शून्यं उडाली. आमच्याकडे ००४७ म्हणजे सील आणि ४७ म्हणजे बुश. दोन्ही एक झाले. ‘होईल दुरुस्त’ म्हणाले.

ऑगस्टपासून काउंटरवर बिल केलं की क्यूआर यायला पंधरा-वीस मिनिटं लागायची. टेम्पो दारात उभा असायचा. विचारलं की उत्तर एकच, सर्व्हरवर लोड आहे. गणेश चतुर्थी १९ सप्टेंबरला होती. त्या आठवड्यात बिलं अचानक झटपट निघायला लागली. आम्हाला वाटलं, काम मार्गी लागलं.

१४ ऑक्टोबरला जयसिंगपूरच्या एका जुन्या गिऱ्हाइकाचा फोन आला. ‘शेठ, तुमची चार बिलं २बी मध्ये दिसत नाहीत. माझं क्रेडिट अडकलंय.’ २बी म्हणजे जीएसटी पोर्टलवर गिऱ्हाइकाला दिसणारं त्याच्या खरेदीच्या बिलांचं पत्रक. त्यात बिल नसेल तर त्याला भरलेल्या जीएसटीची वजावट, म्हणजे क्रेडिट, मिळत नाही. पुतणीने गणपतीच्या आठवड्याच्या ऑफिस कॉप्या काढल्या, टेबलावर ओळीने मांडल्या आणि मोबाइलवरच्या सरकारी ॲपने एकेक क्यूआर स्कॅन केला. ‘काका, बिल नंबर वेगळे, पार्ट्या वेगळ्या, पण सगळ्यांवर क्यूआर एकच आहे.’ तो होता १८ सप्टेंबरच्या शेवटच्या बिलाचा.

त्यांच्या ऑफिसातल्या एका मुलाचा नंबर आमच्याकडे होता. त्याला फोन केला. बराच वेळ गप्प राहून तो म्हणाला, ‘काका, मी गौरी-गणपतीला गावी गेलतो. पोर्टलवर बिलं मीच हातानं टाकत होतो. सरांनी कुणाला सांगू नको म्हटलंतं.’ जोडणी म्हणून जे होतं ते एवढंच. त्या पोराचा मला राग नाही.

खऱ्या जोडणीत ई-इनव्हॉइस पोर्टलवर आपल्या लॉगिनमधून जीएसपीचं (जीएसटीच्या यंत्रणेशी सॉफ्टवेअर जोडून देणारी मान्यताप्राप्त कंपनी) नाव निवडून वेगळा एपीआय युजर, म्हणजे फक्त सॉफ्टवेअरसाठीचं लॉगिन, तयार करावा लागतो. आमच्याकडे तो कधी केलाच नव्हता. त्यांनी सरळ मुख्य लॉगिन आणि पासवर्ड मागून घेतला होता, आणि मी दिला होता. तुमच्याकडे असं कुणी मागितलं तर तिथेच थांबा.

जाब विचारल्यावर दुसऱ्या दिवशी आमचा सर्व्हर बंद. तो भाड्याने घेतलेला होता त्यांच्या नावावर, ॲडमिनचा पासवर्डही त्यांच्याकडेच. डेटा परत हवा तर ९० हजार ‘रिलीज चार्जेस’ भरा म्हणाले. मग लेटरहेडवरचा जीएसटी नंबर पोर्टलवर टाकून पाहिला. नोंदणी रद्द झालेली. हे कुणालाही दोन मिनिटांत, पैसे न भरता पाहता येतं आणि मी ते जुलैत पाहिलं नाही. दोन लाखही त्यांच्या वैयक्तिक खात्यावर गेलेले, पक्कं बिल नाही.

पोलिसांनी अर्ज घेतला, पण व्यवहार कराराचा आहे, दिवाणी कोर्टात जा म्हणाले. व्यापारासाठी घेतलेल्या सेवेला ग्राहक आयोगाचा आधार मिळणं अवघड, असं वकिलांचं मत पडलं. दावा लावलाय. इकडे हिशेबाची कागदपत्रं वार्षिक रिटर्नच्या मुदतीपासून ७२ महिने सांभाळायची कायद्याची जबाबदारी आमची, डेटा कुणीही दाबून ठेवलेला असो.

९० हजार आम्ही दिले नाहीत. ३१ जुलैचा टॅलीचा बॅकअप भावाने हार्ड डिस्कवर घेऊन ठेवला होता, त्यानेच वाचवलं. तिथून पुढची सगळी बिलं ऑफिस कॉप्यांवरून पुन्हा टाकली. दोन मुनीम आणि पुतणी दिवाळीपर्यंत रोज रात्री दहापर्यंत बसत. शिरोलीला एकेक खोका उघडून सील वेगळे, बुश वेगळे मोजले. राहिलेली ई-इनव्हॉइस सीएंनी उशिरा काढून दिली, पण जयसिंगपूरच्या गिऱ्हाइकाने तोवर माल दुसरीकडून घ्यायला सुरुवात केली होती. वीस वर्षांचं गिऱ्हाईक होतं ते.

गेल्या आठवड्यात इचलकरंजीच्या एका यंत्रमागवाल्या मित्राने मला एक कोटेशन पाठवलं, बघून सांग म्हणून. फर्मचं नाव नवीन होतं. सोबत डेमोचा फोटो होता. दोन लॅपटॉप, आणि दुसऱ्याच्या स्क्रीनवर स्टॉक २३८. मी त्याला तिथल्या तिथे फोन लावला. तो आरटीजीएस करायला बँकेतच उभा होता.